जिरेनियम फोडायचा दिवस

डोंगरावरच्या बंगल्यांना तारेची कुंपणं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका बागेत जिरेनियमचं जुनं झुडूप होतं. कडाक्याच्या थंडीलाही ते कधी भ्यालं नव्हतं. पण एका सकाळी माळीणबाई सगुणाक्का त्याच्यापाशी बसल्या आणि पानं बाजूला सारून म्हणाल्या, "मधनं पार पोकळ झालायस की रे! उद्या तुला फोडून तीन जागी लावायलाच हवं."

झुडपाला मुळापासून कापरं भरलं. त्यानं भिंतीला टेकलेल्या फावड्याला विचारलं, "फावडेदादा, दुखेल का रे?"

"दुखेल."

"ते सोसीन मी. पण माझे तीन तुकडे झाले, तर मी कुठल्या तुकड्यात असेन? आणि बाकीच्या दोघांत कोण येऊन बसेल?"



दुसऱ्या दिवशी तेच फावडं कचकन मुळांत शिरलं. सगुणाक्कांनी मधलं वाळकं खोड फेकून दिलं, तीन तुकडे तीन वाफ्यांत लावले आणि पाणी घातलं.

वर्षभरानं तिन्ही वाफे जांभळ्या फुलांनी भरून गेले. झुडपाच्या त्या प्रश्नाची फावड्याला लागलेली रुखरुख मात्र गेली नव्हती. भीत भीतच त्यानं हाक मारली, "त्या दिवशी मला प्रश्न विचारणारं तुमच्यातलं कोण रे?"

तिन्ही वाफ्यांतून एकदम आवाज आला, "मी!"