तुळईखालचा पाट

पूर्वी गंगेकाठच्या वेणुपूर नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुताराच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव दारुक. मोठे झाल्यावर ते घरांचे पारखी झाले. जुने घर विकत घेण्याआधी ते पारख्याला दाखवायचे, आणि त्याने घर धड ठरवले की मुख्य खांबावर गेरूने आपल्या हाताचा पंजा उमटवायचा, अशी त्या नगराची रीत होती.

या रीतीतला निम्मा भाग लोकांनी सोयीने विसरून टाकला होता. मूळ रीत अशी की, विकणाऱ्याने स्वतः तुळईखाली पाट मांडून बसायचे आणि पारख्याने त्या वेळी खांबाला हातोड्याचे तीन ठोके द्यायचे. पुढे त्याच पाटावर पारख्याला बसवून खीर वाढू लागले. ठोके गेले, खीर राहिली. वाडगे रिकामे व्हायच्या आत पंजा उमटू लागला. मागल्या वर्षी कुंभारआळीतले असेच एक घर कोसळून एक म्हातारी आणि तिच्या दोन नाती गेल्या. ढिगाऱ्यात पंज्याचा खांब तेवढा सरळ उभा होता. पंजा देणारा त्यानंतरही गावात मान वर करून हिंडत होता. तो ढिगारा बोधिसत्त्वांनी आपल्या हातांनी उपसला होता.

त्याच नगरातल्या उत्तिय नावाच्या विणकराला सोमिल श्रेष्ठीचे जुने घर आवडले. माग मांडायला लांबलचक ओसरी होती, अंगणात विहीर होती. आठ दिवसांवर आलेले मुलीचे लग्न त्याच अंगणात करायचे, असे त्याने सोयऱ्यांना कळवूनही टाकले होते. पारखीसाठी त्याने बोधिसत्त्वांना बोलावले. बायको रेवाही सोबत होती.

भिंतींना नवा चुना होता. मधल्या खांबाला मात्र गिलावा जरा जास्तच जाड होता. बोधिसत्त्वांनी तिथे खिळा टोचला. तो सबंध आत गेला आणि भोकातून तपकिरी भुसा गळू लागला.

"पंजा देत नाही," ते म्हणाले. "खांब वाळवीने खाल्लाय. वरची तुळई याच्यावरच टेकलीय."

सोमिलाने खिरीचे वाडगे तुळईखाली मांडलेल्या पाटावर ठेवले. "दारुका, खीर निवतेय. तुझ्यावाचून काही अडत नाही. गावात हात पुष्कळ आहेत."

उत्तियही बोधिसत्त्वांवरच भडकला. "लग्नाच्या तोंडावर अपशकुन करताय. वाळवी खांबाला नाही, तुमच्या जिभेला लागलीय."

बोधिसत्त्वांना कधी राग येत नसे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्या सांगणाऱ्यांनी तो ढिगारा उपसलेला नाही. त्या दिवशी बोधिसत्त्वांना राग आला. त्यांनी वाडगे उचलून बाजूला ठेवले आणि हातोडा घेतला.

"श्रेष्ठी, जुनी रीत पाळू. बसा पाटावर. तीन ठोक्यांनंतर घर उभं राहिलं, तर दोन्ही हातांचे पंजे उमटवतो."

"माझ्याच घरात मला बस म्हणणारा तू कोण?" सोमिल म्हणाला, आणि बसला नाही.

"त्यांनी कशाला, मी बसतो," असे म्हणून उत्तियाने रागारागाने पाटावर मांडी ठोकली. "हाण आता."

सोमिल दोन पावले मागे, थेट दारापाशी सरला. मग म्हणाला, "हं, हाण की." एका मुलीचा बाप तुळईखाली बसलेला असताना तो निर्लज्ज हे बोलला.

बोधिसत्त्वांनी हातोडा खाली ठेवला.

"पडलास ना खोटा," उत्तिय म्हणाला.

"खोटं कोण ते मी पाहिलं," रेवा म्हणाली. "श्रेष्ठी, तुम्ही मागे का सरलात?"

रेवाने नवऱ्याचे मनगट धरले आणि त्याला ओढतच अंगणात नेले. सगळे बाहेर आल्यावर बोधिसत्त्वांनी दारातून लांब बांबूने खांबाला एकदाच ढोसले. तुळई खाली आली ती पाटावर.

"माझं घर पाडलंस," सोमिल ओरडला.

"मघाशी तर ते आमचं होणार होतं," रेवा म्हणाली. उत्तिय फुटलेल्या पाटाकडे बघत राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा एका जुन्या सभागृहात सांगितली. एका व्यापाऱ्याने ते नुकतेच संघाला दान दिले होते. 'आधी खांब तपासून घ्या,' असे एक वृद्ध भिक्षू म्हणाला, म्हणून इतरांनी त्याला कृतघ्न ठरवले होते.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोमिल म्हणजे आजचा हा दाता. उत्तिय म्हणजे तुमच्यातला सर्वांत मोठ्याने रागावलेला. रेवा म्हणजे हा वृद्ध भिक्षू. पारखी मीच होतो. ऐकणाऱ्याला कडू लागले तरी त्याच्या जिवासाठी खरे बोलणे, ही सत्य पारमिता."

मग त्यांनी मधल्या तुळईखालचे आसन दात्याला दाखवले. "या, बसा."

दाता उभाच राहिला.