तिसऱ्या चौकोनातली जागा

“खो मिळायच्या आत पोरगी उठते. त्याला मी काय करायचं, मास्तर?”

जंगम मास्तर अंगणात बसून डब्यातल्या चुन्याच्या फक्कीच्या गुठळ्या बोटांनी फोडत होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी शाळेच्या मैदानावरच्या रेषा अजून तेच आखत. दुसऱ्या कुणी आखलेली रेषा त्यांना वाकडी दिसे, आणि खरं सांगायचं तर ती वाकडी असायचीही.

विचारणारा अभिनंदन चौगुले. एकेकाळचा विद्यापीठाच्या खो-खो संघाचा कर्णधार. खांबाशी झेप टाकून गडी टिपण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच दिवसातून दोनदा तरी सांगायचा. मग गुडघा गेला, खेळ सुटला, आणि तो गावच्याच हायस्कुलात मुलींचा प्रशिक्षक होऊन आला.

त्याला तीन वर्षं झाली. तिन्ही वर्षं संघ तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरला. या खेपेला हरलात तर खो-खोचा तास गणिताला देणार, असं हेडमास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं. स्पर्धेला नऊ दिवस उरले होते.

“कंची पोरगी?” मास्तरांनी विचारलं.

“मगदुमांची पद्मजा. तिसऱ्या चौकोनात बसायची.”

“बसायची?”

“काढली तिला. गेल्या वर्षी शेवटचं मिनिट. एक गडी टिपला की सामना आपला. आणि ही बया खो नसताना उठून पळाली! पंचांनी शिट्टी मारली... संपलं.”

“आन् तू कुठं हुतास?”

“मी कुठं असणार? रेषेबाहेर. ओरडून ओरडून घसा बसला माझा. आता दुसरी पोर बसवली, तर तीही तशीच उठते.”

मास्तरांनी आणखी एक गुठळी फोडली.

“मास्तर, मी हा संघ सोडणार नाही. तास काढून घेतला तर शाळा भरायच्या आधी सराव घेईन. मैदान काढून घेतलं तर ओढ्याकाठी घेईन. पण उपाय सांगा.”

मास्तरांनी हात झटकले.

“उद्या सकाळी पोरी बोलीव. सगळ्या. पद्मजालाबी.”

“तिला कशाला?”

मास्तर डबा उचलून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ताज्या पांढऱ्या रेषा होत्या. आठ चौकोन, आठ बसणाऱ्या. एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे. नववी पळून गडी टिपणार. तिला दम लागला किंवा गडी पलीकडे निसटला, की तिने बसलेलीच्या मागे यायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि खो म्हणायचं. हात लागला की उठायचं. हात लागायच्या आत उठायचं नाही. हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

“पद्मजा, तू पळ,” मास्तर म्हणाले. “अभिनंदन, तू हिच्या जागी बस.”

“मी? माझा गुडघा...”

“एका मिनटात काय मोडत न्हाई.”

पोरींनी तोंडावर हात धरले. अभिनंदन तिसऱ्या चौकोनात बसला. गुडघा कुरकुरला. पण तळवे जमिनीला टेकले आणि अंगात जुना खेळ जागा झाला. कान टवकारले, नजर समोर. बऱ्याच वर्षांनी त्याला बरं वाटलं.

मास्तर रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. अभिनंदन रोज उभा राहायचा, नेमके तिथेच.

खेळ सुरू झाला. पद्मजा मागच्या बाजूने पळत होती, ती त्याला दिसत नव्हती. नुसती पावलं ऐकू येत होती. समोर पळणारी पोर वळली, चुकली, आणि थेट त्याच्या पुढ्यात आली. अगदी हाताच्या अंतरावर.

“खो!”

अभिनंदन उसळला. दोन पावलांत त्याने तिला गाठलं आणि हात वर करून वळला.

कुणीच टाळी वाजवली नाही.

पद्मजा पार तिकडच्या खांबाशी होती. खांबाला धरून धापा टाकत होती.

मास्तर सावकाश चालत आले.

“किती वर्षं खेळलास?”

“चौदा.”

“पाठीला हात लागला?”

अभिनंदनचा हात नकळत पाठीकडे गेला.

“नाही.”

“मग उठलास का?”

“तुमचा आवाज आला... मला वाटलं...”



गेल्या वर्षीचं ते मिनिट त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिसऱ्या चौकोनासमोर आलेला गडी. रेषेबाहेर तो स्वतः. आणि चौदा वर्षांच्या सवयीने तोंडातून सुटलेला तो एक शब्द. संघातल्या सगळ्या पोरींनी तो ऐकला होता. वर्षभरात एकीनेही तसं म्हटलं नव्हतं. सरांना कोण सांगणार? पद्मजाही बोलली नव्हती. ती फक्त रोज सरावाला येऊन रेषेबाहेर उभी राहिली होती, पावसातसुद्धा.

अभिनंदनला इतकी लाज वाटली की मान वर होईना. तरी त्याने ती वर केली.

“पद्मजा, त्या दिवशी खो मी ओरडलो होतो.”

“ठाऊक आहे, सर.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंच न्हाई.”

पळणाऱ्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“ठरलं, मास्तर,” अभिनंदन म्हणाला. “पद्मजा संघात. आणि स्पर्धेच्या दिवशी मी रेषेजवळ उभाच राहणार नाही. लांब, पार फाटकाबाहेर जाऊन थांबतो.”

तो खरंच दोन पावलं फाटकाकडे चालायला लागला.

“बघा, खो मिळायच्या आत परत उठला,” मास्तर पोरींना म्हणाले.

अभिनंदन थांबला.

“मग मी करू काय?”

मास्तरांनी तिसऱ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. खांबाशी उभी असलेली पद्मजा ओढणी कमरेला घट्ट बांधत होती.

“बस तिथं. तिचा हात लागंल तवा ऊठ.”