एक जूनची वाडी

"मग शाप कुणाला देऊ, तेवढं सांगा."

जोगीबाबांनी मान वर केली नाही. भैरोबाच्या देवळापुढं ते भंडाऱ्याचे तांदूळ निवडत बसले होते. आमच्याकडे भंडाऱ्याला घरटी पायलीभर तांदूळ येतो आणि सगळा एकाच कढईत शिजतो.

"काठी कशाला आणलीस?"

"सेवा केंद्रातला कॉम्प्युटर फोडायला चाललोय. जाता जाता तुमच्या पाया पडावं म्हटलं."

"पड मग."

पडलो. 

"भिवाचं मला अर्धंच कळलंय," बाबा म्हणाले. "सांग."

सांगितलं. भिवा माझा थोरला भाऊ. दादाच्या पोटात आतडं फुटलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात सरकारी योजनेत ऑपरेशन होणार होतं. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर नाव घातलं आणि म्हणाल्या, हा माणूस मयत दाखवतोय.

दादा समोरच स्ट्रेचरवर होता. म्हणाला, "बाई, अजून थोडा वेळ आहे."

बाई हसल्या नाहीत. मंजुरी मिळेना.

आमच्या खोऱ्यात भिवा चिमा गभाले दोन. एक दादा, दुसरा खालच्या वाडीतला. खालचा शिमग्यात वारला. सेवा केंद्रात त्याच्यापुढं मयत लावायचं, ते दादापुढं लागलं. जिवंत असल्याचा दाखला आणायला मला पिटाळलं. दाखला घेऊन पोचलो, तोवर कॉम्प्युटरचं खरं झालं होतं.

बाबा तांदूळ चाळवत राहिले.

"दोघांत फरक करायला काहीच नव्हतं?"

"जन्मतारीख बघतात. दोघांची एक जून."

"तुझी?"

"एक जून."

"चिमाची?"

"आबांची पण तीच. अख्खी वाडी एक जूनची आहे, बाबा."

"एका दिवशी एवढी बाळंतपणं! सुईण दमली असेल."

मला राग आला. काठीवरची मूठ आवळली.

"चेष्टा करू नका. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, पोरगा कधीचा? आबा म्हणाले, नाचणी कापत होतो तेव्हाचा. गुरुजी म्हणाले, एक जून लिहितो, शाळेला सोयीचं पडतं. आबा म्हणाले, लिवा कायतरी."

"मग शाप गुरुजींना दे."

"ते वारले."

"चिमाला दे."

...

दादा गेल्यापासून आबा ओसरीवर बसून आहेत. कुणाशी बोलत नाहीत.

बाबांनी माझ्यापुढं एक सूप सरकवलं. "बस. हात चालू दे."

बसलो. तांदळात बारीक पांढरे खडे होते, तांदळाच्याच रंगाचे. चार वेचले आणि जीव उबगला. केंद्र पाचला बंद होतं. मी सूप उचललं आणि तसंच बाबांच्या निवडलेल्या ढिगावर पालथं केलं.

"झालं. एवढ्या ढिगात सूपभरानं काय होतंय?"

बाबांनी ढिगाकडं बघितलं. मग तो सगळा ढीग ओढून घेतला आणि पहिल्यापासून निवडायला लागले.

"अहो, सगळा कशाला? माझं वरवरच आहे. तेवढंच काढा."

"कुठलं तुझं? दाखव."

मी ढिगात हात घातला. वरचे खडे केव्हाच खाली उतरले होते.

"ज्याच्या दाताखाली येईल, त्याला कळेल," बाबा म्हणाले.

...

 मीही निवडायला लागलो.

"वहिनी कशी आहे?"

"सुटली. मुलगी झाली."

"कधी?"

मी खाली बघितलं.

"आशाताई सकाळी घरी आल्या होत्या नोंदीसाठी. त्यांनी पण हेच विचारलं."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं... टाका कायतरी."

बाबांचा हात थांबला.

"मग?"

"त्या म्हणाल्या, महिन्याची एक तारीख टाकू का? म्हटलं टाका. आज संध्याकाळी भरणार आहेत."

देवळामागं कुणीतरी कढई घासत होतं. 

"चिंधू, तुला दिवस आठवत नाही?"

"आठवतो."

"मग?"

"तोंडातून काढवला नाही, बाबा."

  मग सगळं एकदम बाहेर पडलं.

"दादाच्या दहाव्याला झाली ती. आम्ही नदीवर होतो. पिंड ठेवला होता, कावळा शिवत नव्हता. मी म्हटलं, दादा, तुझ्या लेकराला मी बघतो. तरी शिवेना. आबांनी हात जोडले, तरी शिवेना. तेवढ्यात घरून निरोप आला, मुलगी झाली म्हणून. सगळे उठायची घाई करायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि म्हटलं, झालं."

"झालं?"

...



वाडीत दुसरी मुलगीही त्याच आठवड्यात झाली आहे, आमच्या चुलतघरात. तिच्या बापालाही आशाताईंनी विचारलं असेल. तोही माझ्यासारखंच 'टाका कायतरी' म्हणाला असेल. दोघीही गभाले, आणि आता तारीखही एकच.

मी उठलो. ऊन कलतं झालं होतं. आशाताई चारच्या एसटीनं जातात, फाट्यावर गाठता येणार होतं.

"केंद्रात चाललास?"

"नाही. फाट्यावर."

"आणि तो कॉम्प्युटर?"

"नंतर बघू. आधी पोरीचा दिवस सांगतो. चुलतघरातल्या पोरीचा पण विचारून घेतो."

पायऱ्या उतरलो, तर काठी वरच राहिलेली. परत वळलो.

बाबांनी एक खडा चिमटीत धरून उन्हात बघितला आणि बाजूला टाकला.

"राहू दे ती," ते म्हणाले. "खडा बोटांनीच वेचावा लागतो."