चरबीच्या पेशीला हाक

"पण माझं चुकलं कुठं, सर? तेवढं तरी सांगा."

केतकी निंबाळकरनं पुन्हा तेच विचारलं. तिचा निष्कर्ष ऐकून मुजावर सरांनी नकारार्थी मान हलवली होती. आता काचेच्या नळ्या खिडकीच्या उजेडात धरून ते नुसते बघत होते.

मिरजेतल्या त्या प्रयोगशाळेत सर निवृत्तीनंतरही रोज यायचे. पगार नाही, खुर्ची नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर टेकायचं आणि अर्धा कप चहा प्यायचा. भलेभले डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले, पण बोलणं फकिराचं. मोजकं, आणि वाटलं तरच.

केतकीचं काम माणसाच्या चरबीच्या पेशींवर. पोटाच्या शस्त्रक्रियेत निघालेली चरबी रुग्णांना विचारून इथं यायची. केतकी तिच्यातल्या पेशी सुट्या करून जगवायची. या खेपेला काही पेशींवर तिनं शरीरात सूज आणणारं प्रथिन घातलं, आणि काय आश्चर्य! त्यांच्यातली चरबी आपोआप फुटून बाहेर आली. भोवतीच्या पाण्यात चाचणीचं औषध टाकलं की हे कळतं. जितकी चरबी फुटलेली, तितका गुलाबी रंग गडद. सुजलेल्या पेशींचं पाणी गुलाबी झालं होतं, निरोगी पेशींचं जवळजवळ बिनरंगी.

हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे! उद्याच्या भाषणाचं नावसुद्धा बाईंनी ठरवून टाकलं... 'सूज चरबी वितळवते.' ऐकायला संस्थेतले सगळे वरिष्ठ येणार होते. भाषण जमलं तर तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. नाही जमलं तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली.

"सुजलेली पेशी चरबी देते, सर. हे मी नाही, रंग सांगतोय. आणखी काय पाहिजे?"

सरांनी चहाचा घोट घेतला.

"हाक मारली होतीस?"

"कुणाला?"

"हिला की." त्यांनी नळीवर टिचकी मारली. "माणूस उपाशी राहतो, पळतो, घाबरतो. तेव्हा शरीर चरबीच्या पेशीला हाक मारतं. बाई गं, सोड तुझं गाठोडं. ॲड्रेनलिन म्हणजे ती हाक. मारलीस?"



मारली नव्हती. न बोलावता एवढं बाहेर येतंय, तर बोलवायचं कशाला, असं तिला वाटलं होतं.

"नाही, सर."

"मग मार की."

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सरांनीच नळ्या हातात घेतल्या. इतर पेशी तळाला बसतात, चरबीच्या वर तरंगतात. नवशिके सवयीनं वरचं ओतून देतात आणि सगळ्या पेशी मोरीत जातात. सरांनी नळी जराशी कलती धरली आणि खालचं पाणी अलगद ओढून घेतलं. वरचा पिवळसर थर हललासुद्धा नाही. सत्तरी उलटलेले ते हात! केतकी आपला राग विसरून बघतच राहिली.

मग ताजं पाणी घातलं. निरोगी आणि सुजलेल्या, दोन्ही पेशींच्या निम्म्या निम्म्या नळ्यांत केतकीनं ॲड्रेनलिन सोडलं.

वाट बघायची होती. सर डोळे मिटून बसले. दुपार कलली, तसं केतकीनं सगळ्या नळ्यांत चाचणीचं औषध टाकलं...

रंग आला.

निरोगी पेशींनी हाक ऐकली होती. बिनरंगी पाण्याजागी जांभळाच्या रसासारखा रंग उतरला होता. सुजलेल्या पेशींचं पाणी हाकेविनाही गुलाबी, हाक मारल्यावरही गुलाबी. फरक जेमतेम.

"न मागता देते," केतकी पुटपुटली, "आणि मागितलं तर देत नाही..."

"देत कुठं होती?" सर म्हणाले. "गळत होती."

केतकीचा चेहरा उतरला.

"म्हणजे उद्या मी उभीच राहायचं नाही?"

सर कप विसळायला उठले.

मग ती बोलत सुटली. किती राबले, पुण्यात कोण काय म्हणालं, कुणी पाठ थोपटली, कोण जळतं... कुणी काही विचारलं नव्हतं. नळ वाहत होता. सर ऐकत होते की नाही, कळेना.

बोलता बोलता तिची नजर नळ्यांवर गेली आणि शब्द अडले.

अशी सूज घेऊन जगणारं माणूस तिच्या डोळ्यांसमोर आलं. चरबी रक्तात नुसती झिरपतेय, आणि खरी गरज पडली, शरीरानं हाक मारली, की दार बंद. केवढी गोष्ट होती ही! तिच्या मूळ गोष्टीहून कितीतरी मोठी. डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा पेशीत हे सगळं चाललेलं, आणि या म्हाताऱ्यानं ते एका प्रश्नात उघडं केलं. तिला भरून आलं.

तिनं भाषणाचं नाव खोडलं. नवं सुचेना. शोधायची घाईही नव्हती. ती नुसती बसून राहिली...

"केतकी."

सर दाराशी पोचले होते. हाक इतकी हळू, की नळ चालू असता तर ऐकूही आली नसती.

"ओ, सर!" ती चटकन उठली.

सर हसले.

"सूज उतरली," ते म्हणाले. "उद्या बोल."