दुसऱ्याच्या आढ्याला टांगलेला दांडा

धामणदऱ्यातील बहुतेक घरांत चुलीवरच्या आढ्याला सुंभाने बांधलेला एक लाकडी दांडा धुरात लोंबत असतो. लांबी दोन हातांहून थोडी अधिक, साल काढलेली, दोन्ही टोकांना शेण लिंपलेले. कुऱ्हाडीचा दांडा का, असे पाहुण्याने विचारले तर घरधनी होय म्हणतो. तुमच्या कुऱ्हाडीचा का, असे विचारले तर नाही म्हणतो. तो दांडा नेहमी दुसऱ्या घराचा असतो. आणि तोही अशा घराचा, की ज्याच्याशी त्या वर्षी या घराचे बोलणे तुटलेले आहे. बांध, पाणी, सोयरीक, मानपान, कारण कोणतेही असो. ज्याला कुऱ्हाडीला नवा दांडा बसवायचा आहे, त्याने धामणीची फांदी तोडून आणावी, तासावी आणि ज्याच्याशी वाकडे आहे त्याच्याच घरी सुकायला द्यावी, असा या गावचा दंडक आहे. दांडा केव्हा परत करायचा हे मात्र सुकवणारा ठरवतो. मागणाऱ्याला घाई करता येत नाही.

गावातील सर्वांत वृद्ध गृहस्थ नाथाबाबा पाहुण्यांना हे समजावून सांगताना एवढेच जोडतात, "ज्याच्या आढ्याला दांडा न्हाई, तो एक तर साधू समजा, न्हाई तर त्याच्याशी भांडायलासुद्धा कोणी जात न्हाई असा."

मग ते पाहुण्यांना होळीच्या माळावर नेतात. तेथे माळाच्या मधोमध, मातीत अर्धा रुतलेला, माणसाची दोन पावले मावतील एवढा एक सपाट धोंडा आहे. त्याला गोमाचा धोंडा म्हणतात. दांड्याची चाल आणि हा धोंडा यांचा उगम एकाच आख्यायिकेत आहे, आणि ती आख्यायिका ठमाबाई नावाच्या एका विधवेची आहे.

त्या काळी गाव चाळीस उंबऱ्यांचे होते, असे सांगतात. प्रत्येक उंबऱ्याची कुऱ्हाड एकच. ती मूळ पुरुषाच्या हातची. झिजली तर तेच लोखंड लोहाराकडून फिरवून घ्यायचे, दुसरे आणायचे नाही. शिमग्याला होळीसाठी माळावर दर वर्षी त्याच जागी आणून रोवलेले सावरीचे झाड तोडताना प्रत्येक उंबऱ्याने आपल्या कुऱ्हाडीचा एक घाव घालायचा. घावांवरूनच गावाची मोजदाद होई. ज्या उंबऱ्याचा घाव ओळीने तीन शिमगे पडला नाही, तो उंबरा मोडला असे मानून त्याची जमीन गावाकडे जाई. अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता ही एक प्रकारची शिरगणतीच होती. तिची खूण कागदावर न होता झाडाच्या बुंध्यावर होई, इतकेच.

ठमाबाईचा नवरा बहिरू आणि तिचा दीर गोमा यांचा एकच उंबरा होता. एका वर्षी माघात त्यांच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला. गोमा हाताचा कसबी, पण स्वभावाने उतावळा. त्याने त्याच दिवशी धामणीची ओली फांदी तोडली, तासली आणि पात्याच्या नेढ्यात, म्हणजे भोकात, ठोकून बसवली. धामणीचे लाकूड चिवट असते, घावाला लवते, हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. म्हणून दांड्याला तेच लागते. पण ते ओले असेल तर उन्हाने आक्रसते आणि लोखंडाच्या नेढ्यात सैल पडते. बहिरूने त्याला हे सांगितले होते. गोमाने शिमग्याच्या आदल्या दिवशी दांडा हलतो आहे हे पाहिले आणि रात्रभर कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी लाकूड फुगले, दांडा घट्ट झाला. माळावर मात्र फाल्गुनाचे ऊन होते, आणि त्यांच्या उंबऱ्याची पाळी येईपर्यंत दुपार झाली.

गोमाने घाव उगारला. पाते वाटेतच दांड्यातून निसटले, बुंध्याला चाटून पलीकडे गेले आणि झाड नीट पडावे म्हणून त्याला बांधलेला दोर धरून उभ्या असलेल्या बहिरूच्या छातीत बसले.

गावाच्या धावजी नाईकाने निवाडा केला. दांडा जाळावा, पाते डोहात टाकावे, आणि गोमाने ओढ्यापलीकडे राहावे. ओढा ओलांडून गावात येऊ नये. पाणवठ्यावर बायका बोलू लागल्या. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण सगळ्या मुलखात आहे. घरभेद्या माणसाला ती लावतात. या घराला ती अक्षरशः लागू पडली होती. ठमाबाई घागर भरीपर्यंत कोणी ना कोणी ती म्हण उच्चारीच. तिने तेव्हाच मनाशी धरले, असे सांगतात, की हा उंबरा मोडू द्यायचा नाही.

पहिल्या शिमग्याला ती माहेरच्या माणसांची कुऱ्हाड घेऊन माळावर गेली. नाईक म्हणाला, "ठमाबाई, परक्या कुऱ्हाडीचा घाव आपल्या उंबऱ्याला लागत न्हाई."

"मग आमची डोहात हाय."

"डोहातली डोहाची."

"डोह माझी जमीन कसतो का?" एवढे बोलून ती परत फिरली. पहिला शिमगा गेला.

वैशाखात डोहाचे पाणी कमरेपर्यंत उतरले तेव्हा ती त्यात उतरली. तीन दिवस तिने पायांनी गाळ चाचपला. तिसऱ्या दिवशी पाते तिच्या टाचेला लागले. टाच कापली, म्हणून सापडले. ते गंजाने एवढे फुगले होते, की नेढे कोणते आणि धार कोणती हे कळेना. तिने ते चिंचेच्या पाण्यात भिजत ठेवले, वाळूने घासले, राखेने घासले, पुन्हा वाळूने घासले. आषाढापर्यंत लोखंडाचा रंग दिसू लागला. बाजारगावच्या लोहाराकडे नेले तेव्हा त्याने पाते हातात घेऊन विचारले, "हेच का ते?"

"हेच."

आजूबाजूचे लोक बाजूला सरले. लोहार भात्याकडे वळला. "लोखंडाला आपला-परका कळत न्हाई, बाई. माणसानं धरलं तसं ते जातं. ठेवा इथं." त्याने धार ठोकून काढली, पाणी पाजले, नेढे साफ केले, आणि नव्या दांड्याचे काय असे विचारले. ठमाबाई म्हणाली, ते मी बघेन.

आख्यायिकेचा गाभा येथून सुरू होतो. ठमाबाईने धामणीची फांदी कोयत्याने तोडली, पण ती तोडायलाच तिला पौष उजाडला. भातकापणी, झोडणी, सगळे एकटीने होते. फांदी तासून तिने आपल्याच चुलीवर टांगली. शिमगा दीड महिन्यावर होता. रोज चूल पेटवताना दांडा डोळ्यांसमोर, आणि रोज तिला वाटे, आज सुकला असेल. शिमग्याच्या आठ दिवस आधी तिचा धीर सुटला. तिने दांडा काढला, नेढ्यात घातला, पाचर ठोकली. घट्ट बसला. शिमग्याच्या सकाळी तिने परसातल्या ओंडक्यावर घाव घालून पाहिला. चौथ्या घावाला पाते निसटले आणि तिच्या पायाशी, वीतभर अंतरावर, मातीत घुसले.

ती ओंडक्यावर बसून राहिली. माळावर हलगी वाजत होती. ओट्यावर पाण्याने भरलेली घागर होती. कुऱ्हाड तिच्यात बुडवली असती तर तासाभरात लाकूड फुगले असते आणि माळावर जाता आले असते. तिची नजर दोनदा घागरीकडे गेली, असे सांगतात. काही घरांत या जागी देवीने तिचा हात धरला असे सांगण्याची रीत आहे. पण नाथाबाबांच्या तोंडच्या पाठात देवी नाही. त्यात ठमाबाईला एवढेच कळते, की गोमाने केले ते ती आत्ता करायला निघाली होती. त्याच्या मनात वैर नव्हते; घाई होती. तिच्याही मनात तीच होती.

दुसरा शिमगा गेला. आता एकच उरला.

होळीची राख निवायच्या आत तिने नवी फांदी तोडली, तासली आणि खांद्यावर टाकून ओढा ओलांडला. गोमा झोपडीसमोर दोर वळत बसला होता. दोन वर्षांत दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. तो उठून उभा राहिला.

"भावजी, हा दांडा तुमच्या आढ्याला टांगा."

गोमाने दांड्याकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही. "वैनी, सगळं गाव सोडून माझ्या घरी?"

"माझ्या घरी टांगला तर मी सुकायच्या आधी काढते. दुसऱ्या कोणाच्या घरी टांगला तर मागितल्यावर तो देऊन टाकील. त्याचं काय जातंय? ओला दांडा काय करतो हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक हाय?" मग ती म्हणाली, "मी मागायला येईन. देऊ नका. तुमच्या मनाला पटेल तेव्हाच द्या."

गोमाने दांडा घेतला. गावात ही बातमी पसरली तेव्हा पाणवठ्यावर एक म्हातारी म्हणाली, "झालं. लोण्याच्या राखणीला बोका." ठमाबाईने घागर भरली आणि उचलली.

गोमाने दांड्याच्या दोन्ही टोकांना शेण लिंपले, म्हणजे चीर जात नाही. दर अवसेला तो दांडा फिरवून धुराकडची बाजू बदली. पावसाळ्यात त्याने चूल विझू दिली नाही. एकट्या माणसाला एवढ्या विस्तवाची गरज नव्हती, तरी रानातून लाकूड वाहून आणून तो विस्तव राखी. दिवाळीनंतर त्याने दांड्याला मोहाचे तेल चोळायला सुरुवात केली. बोटाच्या पेराने तो दांड्यावर टिचकी मारी आणि कान लावून ऐके. ओल्या लाकडाचा आवाज मातीसारखा येतो. सुकलेले लाकूड वाजते.

पौषात ठमाबाई आली. "भावजी, दांडा."

"न्हाई."

माघात आली. "महिनाच राहिलाय."

"राहू द्या."

"शिमगा चुकला तर जमीन जाईल."

"जमीन जाईल," गोमा म्हणाला. "जमीन गेली तर माणूस दुसरीकडं कसून खातो. तुम्हीच सांगितलंय, वैनी, देऊ नका म्हणून."

ती ओढ्यापर्यंत रडत आली, पण तिने मागे वळून पुन्हा मागितले नाही, असे सांगतात. शिमग्याच्या आदल्या दिवशी ती ओढ्याच्या अलीकडे येऊन उभी राहिली. पलीकडून गोमाने नुसती नकाराची मान हलवली.

शिमग्याच्या दिवशी माळावर एकोणचाळीस घाव पडले. सावर अजून उभी होती. ठमाबाई बिनदांड्याचे पाते पदरात धरून उभी होती. नाईकाने विचारले, "बहिरूचा उंबरा?" ती म्हणाली, "हाय. थांबा." लोक कुजबुजू लागले. नाईकाने सूर्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाई, थांबून काय उगवणार हाय?"

तेवढ्यात ओढ्याच्या अंगाने गोमा चढून आला. खांद्यावर दांडा होता. धुराने काळा झालेला, तेलाने चकाकणारा. कोणीतरी ओरडले, "ओढा ओलांडलास, गोमा." तो थांबला नाही. ठमाबाईपुढे येऊन त्याने दांड्यावर टिचकी मारली. दांडा खणकन वाजला. "आज पहाटे वाजला," तो म्हणाला.

त्याने तिच्या हातातून पाते घेतले, दांडा नेढ्यात घातला, दगडावर आपटून बसवला आणि पाचर ठोकली. नाईक म्हणाला, "गोमा, तुझ्या हातानं बसवलेल्या कुऱ्हाडीसमोर आता कोण उभा राहील? दोर कोण धरील?"

कोणी पुढे आले नाही. ज्यांनी दोर धरला होता त्यांनीही तो खाली ठेवला.

गोमा चालत झाडाच्या पलीकडे गेला. जेथे बहिरू उभा होता तेथेच जाऊन त्याने दोर उचलला. त्या जागी एक सपाट धोंडा होता. त्यावर त्याने दोन्ही पाय रोवले. "घाला, वैनी."

बाईने होळीला घाव घालण्याची रीत नव्हती. नाईकाने तोंड उघडले तेव्हा ठमाबाई म्हणाली, "उंबरा माझा हाय, नाईक. घाव कोणाचा असणार?" नाईक बाजूला सरला. तिने कुऱ्हाड उगारली. पाते आणि गोमा एका रेषेत होते. त्याचे डोळे उघडे होते.

घाव बुंध्यात बसला. पाते दांड्याला घट्ट राहिले, दांडा लवला आणि सरळ झाला. रीतीप्रमाणे एकच घाव पुरे होता. पण ठमाबाईने दुसरा घातला, तिसरा घातला; ज्या चौथ्या घावाला तिच्या परसात पाते सुटले होते, तो चौथाही घातला. पाते हलले नाही. मग तिने कुऱ्हाड खाली टेकवली आणि म्हणाली, "भावजी, घरी चला."

नाईकाने चाळीस उंबरे मोजले. गोमाला ओढा ओलांडल्याबद्दल काय शिक्षा झाली, याविषयी आख्यायिका काही सांगत नाही. त्याला कोणी विचारलेच नसावे.

म्हणीच्या अंगाने पाहिले तर या कथेने एक शब्द बदलला आहे. मुलखात सर्वत्र 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' असे म्हणतात. धामणदऱ्यात मात्र 'ओला दांडा गोतास काळ' असेच ऐकू येते. पहिल्या म्हणीत दोष आप्ताकडे जातो, दुसऱ्या म्हणीत घाईकडे. रागाच्या भरात कोणी बोलू लागला की येथील माणसे त्याला "दांडा सुकू दे" म्हणून थांबवतात.

आजही धामणदऱ्यात नवा दांडा भांडणाच्या घरी सुकतो. आजही पहिल्या घावाच्या वेळी तो सुकवणारा माणूस गोमाच्या धोंड्यावर दोर धरून उभा राहतो, आणि त्याने डोळे मिटायचे नाहीत असा नेम आहे. दांडा पुरता सुकला हे नेमके कसे ओळखायचे, असे पाहुणे हमखास विचारतात. नाथाबाबा त्यांना टिचकी मारून दाखवतात. पाहुण्यांना फरक ऐकू येत नाही. तेव्हा ते धोंड्याकडे बोट करतात आणि म्हणतात, "तिथं उभं राहायचं ठरलं, की ऐकू येतं."