पुलावरचा हिसका

फार पूर्वी घाटात समोरासमोर दोन वाड्या होत्या. एक अल्याडची, एक पल्याडची. मध्ये एवढी खोल दरी, की वरून पाहिलं तर खालची नदी कुणी वाळत घातलेल्या धोतरासारखी दिसायची. दरी उतरून, नदी ओलांडून समोरचा कडा चढायचा म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. म्हणून दोन्ही वाड्यांनी मिळून वाखाचे जाड दोर वळले, त्यांवर बांबू आडवे बांधले आणि दरीवर एक लांबलचक झुलता पूल टाकला. दोन्ही काठांवर दगडी खांब रोवून दोर त्यांना करकचून बांधले.

अल्याडच्या वाडीत तुळजा नावाची एक कुंभारीण राहायची. मनाने प्रेमळ, पण स्वभावाने तापट आणि चाल अशी दणक्याची, की ती अंगणातून गेली तरी चुलीवरची झाकणं वाजायची. तिची एकुलती एक लेक पल्याडच्या वाडीत दिलेली होती. त्यामुळे मडकी विकायला आणि लेकीला पाहायला ती दर बाजारी पूल ओलांडायचीच.

त्याच वेळी पल्याडहून खेमाजी तेली खांद्यावर कावड घेऊन अल्याडला यायचा. कावडीच्या दोन्ही टोकांना तेलाचे बुधले. माणूस अबोल, पण एकदा बिनसलं की कुणाचं ऐकायचा नाही.

एका बाजारी तुळजा डोक्यावर मडक्यांचा हारा घेऊन घाईघाईने पुलावर चढली. चार पावलं दाणदाण टाकली आणि समोरून एक हिसका आला. पायाखालचे बांबू उचलले गेले, हारा डगमगला, वरचं मडकं घरंगळून थेट नदीत गेलं.

तिने समोर पाहिलं. पलीकडच्या टोकाला नुकताच पुलावर पाऊल ठेवून खेमाजी उभा होता.

"काय रे खेमाजी, दिसत नाही का? डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईला हिसके देतोस?"

"मी? अहो तुळजाबाई, मी तर जागचा हललोसुद्धा नाही."

"मग काय भुताने हलवला पूल?"

खेमाजीने मान हलवली आणि बाजूला होऊन तिला वाट दिली. पण तुळजाच्या मनातून ते काही जाईना. पुढच्या बाजारी तिने मुद्दामच पाय आपटला. थोड्या वेळाने समोरून हिसका आला. तिने आणखी जोरात आपटला, तर आणखी जोराचा आला. आता तिची खात्रीच पटली. इकडे खेमाजीच्या पायालाही तिचे हिसके बसत होते, त्याचंही तेल सांडत होतं. शेवटी त्याचाही संयम सुटला. त्याने दात-ओठ खाऊन पाय आपटले.

मग काय, दर बाजारी हेच. इकडून ही, तिकडून तो. दोघांचे हिसके पुलाच्या मध्यावर एकमेकांना भेटले, की तिथे पूल दुपटीने खाली जायचा आणि दुपटीने वर उसळायचा. एकदा तर तुळजा नेमकी त्या जागी सापडली. पाय निसटला, हारा गेला, आणि ती कडेच्या दोराला लोंबकळत राहिली. खेमाजीनेच कावड टाकून धावत येऊन तिला वर ओढलं. पण आभार कसले नि काय! वर येताच ती म्हणाली, "आधी पाडायचं, मग वाचवायचं. वा रे न्याय!"

दोन्ही वाड्या हबकल्या. अल्याडचे लोक तुळजाची बाजू घेऊन भांडले, पल्याडचे खेमाजीची. शेवटी पंच बसले. अल्याडचा थोरला पंच, ज्याला सगळे आबा म्हणायचे, जड आवाजात म्हणाला, "या भांडणापायी एक दिवस माणूस जाईल. त्यापेक्षा पूलच नको. तोडून टाकू." कुणालाच आवडलं नाही, पण "तोडू नका" असंही कुणी म्हणेना.

ठरलेल्या दिवशी तुळजा सकाळीच लेकीला भेटून घ्यायला पल्याडला गेली. मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. निघताना लेकीने ताकाचं गाडगं आईच्या डोक्यावर ठेवलं. म्हणाली, "आई, आता कधी गं येशील?"

पुलाच्या दोन्ही काठांवर लोक कोयते घेऊन थांबले होते. ती पार झाली की दोर तोडायचे. तुळजा एकटीच पुलावर चढली. मनात दुःख होतं, राग त्याहून जास्त होता. पावलं नेहमीसारखी दाणदाण पडत होती. मध्यापर्यंत आली आणि समोरून हिसका आला. गाडगं हिंदकळलं, ताक नाकावर ओघळलं.

"आजसुद्धा!" म्हणत ती गर्रकन मागे वळली. खेमाजी पल्याडच्या काठावर, तिच्या लेकीशेजारी, हाताची घडी घालून जमिनीवर उभा होता. तिने पुढे पाहिलं. अल्याडचे लोकही खांबापासून दूर, जमिनीवर. पुलावर तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

मग हा हिसका दिला कुणी?

तुळजा थांबली. पूल अगदी निवांत होऊ दिला. मग तिने एकदाच, जोराने पाय आपटला आणि खाली बांबूंकडे पाहत राहिली. पायाखालचा बांबू दबला. तो वर आला तोवर त्याच्या पुढचा दबला, मग त्याच्या पुढचा. असा एक खोलगा पळत पळत अल्याडच्या खांबापर्यंत गेला. खांब कसला हलतोय! खोलगा तिथे आपटला, उलटा झाला आणि उंचवटा होऊन तिच्याकडे परत निघाला. आला आणि तिलाच उचलून गेला.

इतके दिवस ती ज्याच्यासाठी खेमाजीला बोल लावत होती, तो तिचाच हिसका होता.

गप्प घरी गेली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बोलली तर दोन वाड्यांसमोर मान खाली. तिने मागे वळून लेकीकडे पाहिलं. मग गाडगं काखेत घेतलं आणि सगळा जोर लावून ओरडली, "कोयते टाका खाली!"

"खाऽली," समोरच्या कड्याने तिला तिचाच शब्द परत दिला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "खेमाजीभाऊंनी पहिल्या दिवशी काही केलं नव्हतं. मीच पाय आपटत होते, आणि माझाच हिसका खांबावरून परत येत होता. बघा!" तिने पुन्हा पाय आपटला. दोन्ही काठांवरच्या लोकांनी खोलगा जाताना आणि उंचवटा येताना पाहिला.

आबांना पटेना. "म्हणजे हे बांबू तिकडे जाऊन परत येतात की काय?" त्यांनी डोक्यावरचं लाल पागोटं काढलं, पुलावर थोडं आत जाऊन कडेच्या दोराला बांधलं आणि काठावर येऊन म्हणाले, "मार आता."

तुळजाने पाय मारला. सगळ्यांना वाटलं, पागोटं सरकत आबांकडे येणार. पण ते जागच्या जागी खाली गेलं, वर आलं आणि होतं तिथेच राहिलं. हिसका मात्र त्याच्या पुढे निघून खांबाला जाऊन धडकला. लोक हसले, आबाही हसले.

"बांबू कुठे जात नाहीत," तुळजा म्हणाली. "आपल्या जागी खालीवर होतात आणि हिसका शेजाऱ्याच्या हाती देतात."

"जत्रेच्या रांगेसारखं," आबा विचार करत म्हणाले. "मागच्याने ढकललं, की धक्का देवळाच्या दारापर्यंत जातो, माणूस आपल्या जागी. तिथे धक्का पुढेमागे, इथे खालीवर, एवढाच फरक. तुझी हाकसुद्धा अशीच आली असेल, हवा हवेला ढकलत. आणि कड्यावरून परत गेली तुझ्याकडे."

खेमाजी पुलावर आला. आज त्याची पावलं इतकी हलकी होती, की पूल जेमतेम शहारला. जवळ येऊन म्हणाला, "तुळजाबाई, सगळी चूक तुमच्या एकटीची नाही. पहिल्या दिवशी मी काही केलं नव्हतं, पण नंतर मीही आपटले की पाय. तुमच्या हिसक्यात माझा मिळवला, म्हणून तो दुप्पट झाला. मी शांत उभा राहिलो असतो, तर तुमचा हिसका दोन-चार हेलपाट्यांत आपोआप विरून गेला असता."

तुळजा हसली. "घ्या, ताक घ्या थोडं. जेवढं उरलंय तेवढं."

खेमाजी तिथेच, दरीच्या मधोमध उभा राहून ताक प्यायला. काठावरच्या कोयत्यांनी त्या दिवशी पुलाच्या दोरांऐवजी रानातला वाख कापला गेला आणि दोन्ही वाड्यांनी झिजलेल्या जागी नवे दोर वळून बांधले. संध्याकाळ होईतो तुळजा लेकीकडे जाऊन परतसुद्धा आली, अलगद पावलं टाकत.

पुढे वाड्यांमध्ये एक रीतच पडली. कुणाचं कुणाशी बिनसलं आणि तक्रार घेऊन कुणी आबांकडे गेलं, की आबा आधी विचारायचे, "एकटा पुलावर जाऊन आलास का?" तो मुकाट्याने जायचा, मध्यावर उभा राहून एकदा पाय आपटायचा. बरेच जण परत आबांकडे येतच नसत. थेट ज्याच्याशी भांडण झालं त्याच्या घरी जायचे.

तात्पर्य: दुसऱ्याकडून आलेला हिसका आपलाच परत आलेला नाही ना, हे आधी पाहावं, आणि खरोखर दुसऱ्याचा असला, तरी त्यात आपला मिळवू नये, म्हणजे तो विरून जातो.