खुंटीवरची घोंगडी

फार फार वर्षांपूर्वी, गावोगावच्या वाटा माणसांच्या पायांनीच मळायच्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात एक घोंगडीवाला राहायचा. पहाटे गठ्ठा खांद्यावर टाकून तो बाजाराला निघायचा आणि दिवेलागणीला घरी हजर! बाजार कितीही लांबचा असो, रात्रीची भाकरी बायकापोरांबरोबरच.

त्याच्या शेजारणीला मात्र एक कोडं पडलं होतं. गठ्ठ्यात सगळ्यात वर रोज तीच एक जुनी घोंगडी असायची. कडा विरलेली, कोपऱ्यात रफू केलेली. जाताना असायची, येतानाही असायची.

एकदा तिनं कुंपणावरून विचारलंच, "भावजी, ही कोण घेणार? उगाच ओझं!"

घोंगडीवाला हसला. "वहिनी, ती रात्री पोरांची, दिवसा माझी."

एवढं बोलून गडी चालू लागला. आता यातून काय समजायचं, सांगा! शेजारणीला त्या दिवसापासून जेवण गोड लागलं नाही.

पुढे तापाचं निमित्त झालं आणि तो भला माणूस गेला. बायकोनं ती घोंगडी खुंटीला टांगली. रोज तिला फूल वाहायची. पोरांना बजावलं, "तुमच्या बाबांची आठवण आहे. हात लावायचा नाही."

घर तर चालवायला हवं. थोरली लेक गठ्ठा घेऊन बाजारात बसू लागली. घोंगड्या नव्याकोऱ्या, चिंचोक्याची खळ दिलेल्या, ताठ. दोन बाजार झाले, एकही खपली नाही. घरातली जोंधळ्याची कणगी तळाला गेली.

तिसरा बाजार शेजारच्याच गावात होता. शेजारीणही गेली. मीठ आणायला म्हणे! खरं तर पोरीचा माल का खपत नाही, ते तिला बघायचं होतं.

एक म्हातारा मेंढपाळ आला. नवी घोंगडी चाचपून म्हणाला, "ती जुनी कुठंय, पोरी?"

"ती विकायची नाही, आजोबा."

"विकत कोण मागतंय? खळ दिली की कुठलीही घोंगडी ताठ दिसते. खरं कळतं ते धुतल्यावर. तुझा बाप ती जुनी आमच्या हातात द्यायचा. म्हणायचा, बारा हिवाळे माझी पोरं हिच्याखाली झोपलीत, बघा ऊब कमी झालीय का. ती बघून आम्ही नवी घ्यायचो."

शेजारीण मीठ विसरली आणि तशीच घोंगडीवाल्याच्या घरी पळत सुटली.

"अगं, काढ ती खुंटीवरची!"

"नको हो अक्का, त्यांची तेवढीच खूण उरलीय."

"बारा वर्षांत त्यांनी ती एक दिवसही टांगली नाही, आणि तू फुलं वाहतेस?"

 बायकोनं घोंगडीत तोंड खुपसलं, पोटभर रडली आणि ती खाली काढून दिली.

शेजारणीनं ती बाजारात आणली, तेव्हा म्हाताऱ्यानं ती उलटसुलट केली, रफूवरून बोट फिरवलं आणि दोन नव्या घेतल्या. दिवस कलला तेव्हा गठ्ठ्यात ती जुनीच काय ती उरली होती. त्या रात्री पोरं पुन्हा तिच्याखाली झोपली. आणि शेजारणीला कित्येक वर्षांनी जेवण गोड लागलं.

गेलेल्या माणसाची आठवण खुंटीला टांगू नये, रोजच्या वापरात ठेवावी.